कोल्हापुरात एआरएफ ट्रेनर जोडतोय: कुठं जपायचं आणि उडवायचं कुठं?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, तिला विमानांचं भारी वेड. तिच्यासाठी रेडिओवर उडवायचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकायचं मॉडेल विमान घेतलंय, एआरएफ (जवळपास तयार, फक्त जोडायचं). पंखांचा विस्तार १४०० मिमी. पेटीत फिल्म (प्लास्टिकचं आवरण) चढवलेले पंखाचे दोन भाग, फ्युजलाज (विमानाचं धड), शेपटीचे दोन तुकडे, पंख जोडायची अ‍ॅल्युमिनियमची नळी, चाकं, पुशरॉड आणि स्क्रूची पिशवी आहे. बाकीचं वेगळं घेतलं: ३५३६ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), चार सर्वो (पुशरॉड हलवणाऱ्या छोट्या मोटरी), २२०० एमएएचची थ्री-एस लिपो (तीन सेलची बॅटरी) आणि सहा चॅनेलचा रेडिओ.

मी टूलरूममध्ये काम करतो. व्हर्नियर आणि फाइल रोज हातात असते, त्यामुळे जोडणीची भीती नाही. पण विमान हा प्रकार घरात पहिल्यांदाच येतोय आणि सोबतचं माहितीपत्रक चार पानांचं, त्यातही निम्मी चित्रंच. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. कुठल्या पायरीवर घाई केली तर हवेत गेल्यावर महागात पडतं? आणि कोल्हापूरच्या आसपास उडवायचं कुठं?

गडी_भुदरगडचा

लेकीसाठी विमान! विषयच हार्ड. फोटो टाका की दादा.

बाल्सामास्तर

उद्यमनगरी, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दात: शेपूट.

पंख काढता-घालता येतात, मोटर सरकवता येते. शेपूट एकदा एपॉक्सीनं बसली की बसली. म्हणून आधी सगळं कोरडंच जुळवा. पंख नळीवर चढवून फ्युजलाजला कसा, स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) खाचेत सरकवा आणि विमानाच्या मागे तीनेक मीटरवर, डोळे टेबलाच्या पातळीला आणून बसा. पंख आणि स्टॅबिलायझर समांतर दिसले पाहिजेत. शेपूट एका बाजूला कललेली दिसली तर खाचेची उंच बाजू बारीक पॉलिशपेपरनं हलकी घासा. नंतर न ताणला जाणारा दोरा घ्या, नाकाच्या मध्यावर टाचणीनं अडकवा आणि स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही मापं सारखी आली की पेन्सिलीनं खूण करा.

आता फिल्म. एपॉक्सीनं लाकूड धरलं पाहिजे, फिल्मवर लावली तर सांधा फिल्मसकट सुटून येतो. म्हणजे सांध्यातली फिल्म काढावीच लागते. इथं बरेच जण नवं ब्लेड लावून दाबून रेघ ओढतात. फिल्मबरोबर खालचा बाल्साही चिरला जातो, तोही फ्युजलाजला लागून, जिथं स्टॅबिलायझरवर सगळ्यात जास्त ताण येतो तिथंच. जमिनीवर काही कळत नाही. हवेत जोरात एलिव्हेटर (स्टॅबिलायझरचा मागचा हलता भाग, नाक वर-खाली करणारा) ओढला की तिथून मोडतो. ब्लेड बाजूला ठेवा. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न गरम करा, स्टीलची पट्टी धरा आणि खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर आतून अलगद फिरवा. फिल्म वितळून रेघ पडते, लाकडाला ओरखडाही येत नाही. वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

एपॉक्सी ३० मिनिटांची घ्या. पाच मिनिटांची घेतली तर पुन्हा माप घेऊन सरळ करायला वेळच मिळत नाही.

पंचगंगेकाठी

मास्तर, शेपटीबद्दल सगळं मान्य. पण मुळातच असहमत. पहिलं विमान बाल्साचं नको, फोमचं हवं. शिकणारा माणूस विमान जमिनीवर आदळणार, हे धरूनच चालायचं. फोमचं नाक मोडलं तर त्याच संध्याकाळी चिकटवून दुसऱ्या दिवशी मैदानावर. बाल्साचं फ्युजलाज फुटलं की फॉर्मर (धडातल्या आडव्या चौकटी) कापा, जोडा, फिल्म लावा, इस्त्री फिरवा. तोवर नववीतल्या पोरीचा उत्साह राहील का? लेकीच्या हातात पहिल्यांदा फोम द्या, हे आता जोडून दिवाणखान्यात टांगा आणि दोन-तीन महिन्यांनी काढा.

बाल्सामास्तर

@पंचगंगेकाठी, टांगून ठेवायला विमान कशाला घ्यायचं हो? १४०० मिमीचं हाय-विंग बाल्सा ट्रेनर वाऱ्यात छोट्या फोमपेक्षा कितीतरी स्थिर राहतं. आणि दुरुस्ती शिकणं हाही शिक्षणाचाच भाग. नववीतली मुलगी फॉर्मर कापायला शिकली तर वाईट काय?

अवनी_इचल

फोम की बाल्सा यापेक्षा पहिल्या उड्डाणाला स्टिक कुणाच्या हातात आहेत, याचा फरक जास्त पडतो. अनुभवी माणसानं हवेत नेऊन ट्रिम करून (स्टिक सोडली तरी सरळ उडेल असं जुळवून) दिलं आणि मग उंचीवर असताना शिकणाऱ्याच्या हातात दिलं, तर बाल्साही टिकतं. एकट्यानं उडवायचं असेल तर मात्र पंचगंगेकाठींचं बरोबर.

दुसरी गोष्ट सिम्युलेटर. रेडिओ यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडता येतो, मोफत सिम्युलेटरही आहेत. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची: विमान आपल्याकडे तोंड करून येतंय आणि आपण ते सरळ ठेवतोय. आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा डावा-उजवा उलटा भासतो. त्या वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला ढकलायची, पंख वर येतो. हे विचार न करता हातातून यायला लागलं की मैदानावर या. नववीतल्या मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर येतं, हा माझा वर्गातला अनुभव. मी पदार्थविज्ञान शिकवते.

गडी_भुदरगडचा

म्हणजे लेक पास होणार आणि पप्पांना एटीकेटी.

उद्यमनगरी

गडी, लेकीला वाचून दाखवलं, जाम खूश झाली आहे.

मास्तर, शेपूट तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसवली. दोऱ्याचं माप दोन्हीकडे सारखं आलंय. सोल्डरिंग आयर्नची युक्ती एकदम भारी.

आता नवा प्रश्न. मोटर फायरवॉलवर (नाकातल्या मोटर बसवायच्या फळीवर) बसवली तर ती मागून पाहताना थोडी उजवीकडे आणि खाली तोंड करून बसते. गुण्यात धरून तपासलं, फायरवॉलच तिरकी आहे, साधारण दोन अंश. कारखान्यातली चूक समजून वॉशर घालून सरळ करू का? शेजारचा लेथवाला दोस्त तर अ‍ॅल्युमिनियमचा तिरका स्पेसर टर्न करून द्यायला तयार बसलाय.

अवनी_इचल

थांबा, थांबा! ते मुद्दाम केलेलं असतं. हात लावू नका.

प्रॉपेलर मागून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलायला बघतं. शिवाय प्रॉपनं मागे फेकलेली हवा पिळदार होऊन फ्युजलाजभोवती फिरत जाते आणि उभ्या शेपटीला डाव्या बाजूनं धक्का देते, त्यामुळे नाकही डावीकडे वळतं. थ्रॉटल जितका जास्त तितकं हे जास्त, म्हणजे नेमकं टेकऑफला. मोटर दोन अंश उजवीकडे ठेवली की हे बरंचसं भरून निघतं. खालचा कोन पूर्ण थ्रॉटलला नाक वर उचललं जाऊ नये म्हणून. हाय-विंग विमानात मोटरचा जोर पंखाच्या खालून लागतो, त्यामुळे त्याला हा कोन हवाच. मोटर सरळ केलीत तर जमीन सोडताच विमान डावीकडे ओढेल आणि तुम्ही ट्रिम शोधत बसाल.

लेथवरचा_राजा

आमच्या उद्यमनगरात तिरकं काही दिसलं की हात शिवशिवतात, खरंय. दादांचा दोस्त माझ्यासारखाच. अवनीताई, हे कारण आज पहिल्यांदा नीट समजलं. पूर्वी एका गिऱ्हाईकानं असाच माऊंट आणला होता आणि 'कोन बदलायचा नाही' एवढंच सांगून गेला होता.

ज्यांना मोटर माऊंट, स्पिनरची बॅकप्लेट, चाकाचे कॉलर करून हवेत त्यांनी उद्यमनगरात नुसती चक्कर मारावी. पंपापासून इंजिनापर्यंत सगळ्याचे पार्ट तिथं होतात, एकच नग करून द्यायलाही कुणी नाही म्हणत नाही. फक्त नमुना आणि माप घेऊन जा, तोंडी सांगू नका.

कागलकर_पाटील

जोडणीचं बोललात, पण नेमकी जी गोष्ट विमान पाडते ती अजून कुणी सांगितली नाही. उलटे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या).

आमच्या माळावर एकानं नवं विमान आणलं होतं. देखणं, चकाचक. त्यानं स्टिक हलवून सगळे सर्वो हलतात एवढं पाहिलं आणि सोडलं. जमिनीवरून उठलं, थोडं डावीकडे झुकलं, त्यानं उजवीकडे दिलं, आणखी झुकलं, त्यानं आणखी दिलं. पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि बाल्साचा भुगा. सगळा खेळ चार सेकंदांचा. चॅनेल रिव्हर्स करायला दोन बटणं पुरली असती.

म्हणून 'हलतंय' हे पुरेसं नाही, 'कुठं हलतंय' ते बघा. विमानाच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून उभं राहा. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली: एलिव्हेटर वर. रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) उजवीकडे: मागची कड उजवीकडे. प्रत्येक उड्डाणाआधी, दर वेळी. मोठ्यानं बोलून करा म्हणजे शेजारचाही ऐकतो.

बाल्सामास्तर

पाटील, लाख बोललात. त्यात भर: क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावर) सिलिकॉन ट्यूबचं बारीक कडं सरकवा, म्हणजे हादऱ्यानं उघडणार नाही. आणि बिजागऱ्या चिकटवल्यावर प्रत्येक पृष्ठभाग धरून चांगला ओढून बघा. पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) बिजागरीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन थेंब, पृष्ठभाग वाकवून, थेंब आत शोषला जाईपर्यंत थांबायचं.

उद्यमनगरी

पाटील साहेब, हे कागदावर लिहून रेडिओच्या पेटीत चिकटवलं.

एलेरॉन, एलिव्हेटर, रडरची हालचाल किती ठेवू? आणि २२०० च्या बॅटरीवर किती वेळ उडेल? सगळं घालून वजन १.४ किलो भरलंय.

अवनी_इचल

सुरुवातीला एलेरॉन वर-खाली ८ ते १० मिमी, एलिव्हेटर १० ते १२, रडर २० च्या आसपास. एक्स्पो २५ टक्के द्या, मधली हालचाल मऊ होते.

वेळेचं गणित मुलीकडून करून घ्या. ट्रेनरला किलोमागे साधारण २०० वॅट पुरतात. १.४ किलोला २८० वॅट. थ्री-एसच्या ११.१ व्होल्टनं भागलं की सुमारे २५ अँपिअर. म्हणजे तुमचा ४० चा ईएससी आरामात. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, पण बॅटरी तळापर्यंत पिळायची नाही, ८० टक्केच वापरायची. पूर्ण थ्रॉटलला ती चारेक मिनिटं चालेल. ट्रेनर मात्र निम्म्या थ्रॉटलवर निवांत फिरतं, सरासरी १२ अँपिअर धरले तर आठ-नऊ मिनिटं. रेडिओवर सहा मिनिटांचा टायमर लावा. उतरताना एकदा चुकलं तर पुन्हा फेरी मारायला बॅटरी हाताशी राहते.

आणि हे सगळं टेबलावर तपासताना प्रॉप काढलेला हवा. ब्रशलेस मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदला. फेलसेफही (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद होणं) प्रॉप काढूनच तपासा: मोटर हळू फिरत असताना रेडिओ बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे. लेकीला हे आधी शिकवा, बाकी नंतर.

तंतुवाद्य_मिरज

अँटेनाचं राहिलं. रिसीव्हरला दोन असतील तर शेवटचे ३ सेंटिमीटरचे उघडे भाग एकमेकांना काटकोनात ठेवा आणि बॅटरी, कार्बनच्या दांड्यांपासून लांब.

चुये_रोड

आता दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घालणार का? उडवायचं कुठं? विद्यापीठाच्या मोकळ्या माळाचं विचारा.

कागलकर_पाटील

विद्यापीठ नको भावा. उजळाईवाडीचं विमानतळ तिथून पाच किलोमीटरच्या आत. गोकुळ शिरगावचंही तेच. रोज प्रवासी विमानं येतात-जातात.

ड्रोन नियम २०२१ नीट वाचा, ते आपल्या विमानांनाही लागू आहेत. विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटर पट्ट्यात परवानगीशिवाय जमिनीवरून उठायचंच नाही. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ठिकाण टाकून बघायचं. २ किलोच्या आतलं विमान हौसेखातर उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी उडवलेल्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेटचीही (त्या बनावटीच्या सरकारी मान्यतेची) अट नाही. पण पट्टा सगळ्यांना सारखाच. २०० फूट म्हणजे ६० मीटर, १४०० च्या ट्रेनरला शिकायला भरपूर. त्याहून वर गेलं तर तोंड कुठं आणि शेपूट कुठं तेच दिसत नाही.

पंचगंगेकाठी

मग मसाई पठार? विमानतळापासून लांब, मोकळं, वारा छान.

सडा_आणि_फुलं

मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सड्यावरच्या उथळ मातीत उगवणारी रानफुलं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी. चाकं, गाड्या आणि पडलेलं विमान शोधत फिरणारे पाय, यातलं काहीही तिथं नको. कृपा करून दुसरी जागा शोधा.

पंचगंगेकाठी

बरोबर आहे. सूचना मागे घेतो.

चुये_रोड

ऊस गेलेलं रान चालेल का? फेब्रुवारी-मार्चमध्ये हवं तेवढं मिळेल. मालक ओळखीचेच.

कागलकर_पाटील

खोडव्याच्या रानात चाकावर उतरवणं जमायचं नाही. बुडखे अडकून लँडिंग गिअर उपटून येतं. पाचट पसरलेलं असेल तर हातानं फेकून उडवायचं आणि पोटावर उतरवायचं, तेही ट्रेनरला बरं नाही. आणि बाजूच्या फडात ऊस उभा असेल तर आणखी वांदा.

उसात पडलेलं विमान शोधणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलंय त्यालाच ठाऊक. दहा-दहा फुटांचा ऊस, पानं हाताला कापतात, दोन सऱ्या पलीकडचं दिसत नाही. पडताना दिसलं की धावत सुटायचं नाही! जिथं उभे आहात तिथूनच पलीकडचं एखादं झाड, टॉवर, विहिरीचं घर अशी रेघ धरायची. शक्य असेल तर दुसऱ्यानं पन्नास पावलं बाजूला उभं राहून त्याची रेघ धरायची. दोन्ही रेघा जिथं मिळतात तिथं जायचं. एकानं बांधावर थांबून आतल्याला हाका मारायच्या. रिसीव्हरमध्ये छोटा बझर लावा, सिग्नल तुटला की ओरडत राहतो, आवाजानं सापडतं. फार तर दोनेकशे रुपयांचं काम आहे.

गडी_भुदरगडचा

आणि सापडलं की उसाची कांडी मोडून खात यायचं. 🙂

चुये_रोड

मालकाला विचारून रे.

अवनी_इचल

मला वाटतं हातकणंगले-वडगाव बाजूचे मुरमाड माळ बघावेत. ते विमानतळापासून १२ किलोमीटरच्या बाहेर येतात. ग्रामपंचायतीला किंवा मालकाला विचारूनच. विजेच्या तारा, रस्ता, जनावरं, सगळं आधी फिरून बघायचं. आम्ही काही जण एका ओळखीच्या माळावर जातो, उद्यमनगरी, तुम्हाला निरोप पाठवते.

वेळ सकाळची. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि ट्रेनर जागेवर थांबल्यासारखं वाटतं. नऊच्या आत आटपायचं. टेकऑफ आणि लँडिंग दोन्ही वाऱ्याकडे तोंड करून. उतरताना शेवटच्या वळणावर वेग कमी होऊ द्यायचा नाही. नाक वर ठेवून, थ्रॉटल बंद करून वळलं की एक पंख अचानक खाली जातो, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते.

उद्यमनगरी

मंडळी, सगळं वाचतोय, लेकीनं वहीत उतरवून घेतलंय. जोडणी पूर्ण झाली. आता सीजी (गुरुत्वमध्य). पंखाची रुंदी २३० मिमी आहे. माहितीपत्रकात फक्त 'मेन स्पारजवळ' (पंखातल्या मुख्य लांब पट्टीजवळ) लिहिलंय.

बाल्सामास्तर

पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्के. म्हणजे तुमच्यासाठी ५८ ते ६९ मिमी. पहिल्या उड्डाणाला ६० धरा. बॅटरी आत ठेवून, झाकण लावून, पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या खुणेवर बोट ठेवून उचला. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट खाली गेली तर उडवूच नका, बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेलं विमान एलिव्हेटरला इतकं चपळ होतं की नवख्यालाच काय, मुरलेल्यालाही धरता येत नाही. बॅटरी सरकवून भागत असेल तर शिसं घालू नका.

उद्यमनगरी

बॅटरी फायरवॉलला टेकवली तर ५९ वर येतंय, थोडी मागे घेतली की ६२. तिथंच वेलक्रो लावला. एक पंख मात्र दुसऱ्यापेक्षा किंचित जड. नाक आणि शेपूट धरून उचललं की उजवीकडे झुकतं.

बाल्सामास्तर

डाव्या टोकाला फिल्मखाली एक खिळा किंवा टेपनं छोटं वजन. ते पुरेल.

पंचगंगेकाठी

दादा, मी सुरुवातीला फोमचा हट्ट धरला होता. शेपूट दोऱ्यानं मापून, सीजी असा मिलिमीटरवर आणून, वर अवनीताई पहिल्यांदा उडवून देणार असतील, तर माझा विरोध नाही. तरी सिम्युलेटरचा सराव सोडू नका. आणि दोन जादा प्रॉप बरोबर ठेवा.

अवनी_इचल

ट्रेनर केबल (दोन रेडिओ जोडणारी) आणते. दोन्ही रेडिओ एकाच बनावटीचे आहेत का ते कळवा. पहिल्यांदा मी उडवून ट्रिम करते. मग उंचीवर असताना स्विच दाबून मुलीच्या हातात देते; काही बिनसलं की स्विच सोडला, ताबा परत माझ्याकडे. मोड दोन आहे ना? थ्रॉटल डावीकडे?

उद्यमनगरी

हो ताई, मोड दोनच. रेडिओही दोन्ही एकाच बनावटीचे. रविवारी सकाळी साडेसहाला निघतोय. फक्त पावसाचा अंदाज आहे. बॅटऱ्या शनिवारी रात्री भरून ठेवू की सकाळी?

तंतुवाद्य_मिरज

सकाळी उठल्याबरोबर भरा, बॅलन्स चार्जवर, २.२ अँपिअरनं तासाभरात होतात. समोर बसून. भरून ठेवल्या आणि पाऊस आला तर पूर्ण भरलेल्या अवस्थेत आठवडा ठेवू नका, चार्जरच्या स्टोरेज मोडनं सेलमागे ३.८ व्होल्टवर आणा आणि पत्र्याच्या डब्यात, गाडीत नव्हे, घरातल्या सावलीत ठेवा.